टाइपरायटरवाल्यांची बंदूक: एम-१ कार्बाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिजोरीतून एम-१ कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची आखूड, हलकी रायफल काढून, रिकामी आहे हे दोनदा तपासून पाहुण्याच्या हातात दिली की तिच्यावर कोरलेलं नाव वाचून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे आयबीएम म्हणजे आपलं तेच आयबीएम?" पुण्याहून आलेला पाहुणा असेल तर तो हमखास हसतो, कारण त्याचा एखादा भाऊ नाही तर मेव्हणा तिथे नोकरीला असतो. हो, तेच आयबीएम. अमेरिकेत वीस वर्षं राहून, ह्या एका नादापायी बरेच पैसे आणि रविवार घालवल्यावर तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आयबीएमने खरंच रायफली बनवल्या?

बनवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या कारखान्यात सुमारे ३ लाख ४६ हजार. तेव्हा संगणक नव्हते. आयबीएमचा धंदा पंचकार्डांवर हिशेब करणाऱ्या यंत्रांचा होता, आणि त्या यंत्रांत बारीक, अचूक कापलेले लोखंडी भाग खच्चून भरलेले असत. असे भाग ज्याला हजारोंनी एकसारखे काढता येतात त्याला बंदुकीचा बोल्टही (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) काढता येतो, हा साधा हिशेब अमेरिकी सैन्याच्या ऑर्डनन्स, म्हणजे शस्त्रपुरवठा, विभागाने केला.

पण बंदुकांच्या कंपन्या होत्या की. त्यांना का नाही सांगितलं?

त्यांचे हात आधीच भरलेले होते. विंचेस्टरकडे एम-१ गरँड ह्या पायदळाच्या मुख्य रायफलीचं काम होतं, बाकीचे मशीनगनच्या मागे होते. शिवाय ही कार्बाइन गरँडच्या जागी द्यायची नव्हती. तोफखान्यातला माणूस, ट्रकचालक, रेडिओवाला, अधिकारी ह्यांच्या कमरेला पिस्तूल असे, आणि पिस्तुलाने पंचवीस-तीस पावलांपुढे नेम लागणं ही चैनच. त्यांना पिस्तुलापेक्षा भरवशाचं पण पूर्ण रायफलीपेक्षा हलकं काहीतरी हवं होतं. गरँड भरते सव्वाचार किलोच्या पुढे, कार्बाइन साधारण २.४ किलो. लांबी ९० सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या.

विंचेस्टरचा नमुना ऑक्टोबर १९४१ मध्ये मंजूर झाला आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. एकाएकी लाखोंनी कार्बाइन हव्या झाल्या. मग धातू कापायची जुनी यंत्रं, कुशल कामगार आणि थोडी जागा ज्याच्याकडे असेल त्याला कंत्राट, असा मामला झाला. युद्ध संपेपर्यंत एकूण ६१ लाखांच्या आसपास कार्बाइन तयार झाल्या, म्हणजे गरँडपेक्षाही जास्त. त्या युद्धात अमेरिकेने सर्वाधिक संख्येने बनवलेलं लहान हत्यार हेच.

कोणकोणत्या कंपन्या होत्या?

मुख्य कंत्राटदार दहा. त्यांतली बंदुका बनवण्याचा अनुभव असलेली फक्त विंचेस्टर, तिच्या ८ लाख २८ हजार. सगळ्यात मोठा वाटा इनलँडचा, २६ लाखांवर. इनलँड म्हणजे जनरल मोटर्सचा ओहायोतल्या डेटन शहरातला विभाग. शांततेच्या काळात ते मोटारींची स्टिअरिंग व्हील करत. जनरल मोटर्सचाच दुसरा विभाग सॅगिनॉ स्टिअरिंग गिअर, दोन कारखाने मिळून ५ लाख १७ हजार. अंडरवूड हे टाइपरायटरचं नाव आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांतही दिसायचं. त्यांच्या हार्टफर्डच्या कारखान्यातून ५ लाख ४५ हजार. नॅशनल पोस्टल मीटर ही पाकिटांवर टपाल हशील छापणारी यंत्रं करणारी कंपनी, ४ लाख १३ हजार. क्वालिटी हार्डवेअर, शिकागो, साडेतीन लाखांच्या पुढे. मग आयबीएम. मोटारींच्या काचांभोवतीच्या रबरी पट्ट्या करणारी स्टँडर्ड प्रॉडक्ट्स, अडीच लाखांना थोड्या कमी. रॉक-ओला, २ लाख २८ हजार. आणि शेवटी अर्विन-पेडरसन, जिची गोष्ट पुढे वेगळी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

स्टँडर्ड प्रॉडक्ट्सचा कारखाना ओहायोत एरी सरोवराकाठी पोर्ट क्लिंटनला होता. त्याच गावाला लागून कॅम्प पेरीचं मैदान आहे, जिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. ज्या गावात कार्बाइन जन्मली तिथेच तिची नातवंडं आज कागदावर भोकं पाडायला येतात.

रॉक-ओला म्हणजे रॉक संगीताशी संबंध आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज अमेरिकन लोकांतही आहे. मालकाचं आडनावच रॉकोला. डेव्हिड रॉकोला हा मूळचा कॅनडाचा, शिकागोत येऊन नाणं टाकून वजन सांगणारे काटे विकायचा. तसले काटे आपल्या रेल्वे स्टेशनांवर लाल-हिरवे दिवे लुकलुकत उभे असायचे आणि वजनाच्या तिकिटामागे भविष्य छापलेलं असायचं. १९३५ पासून त्याने ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्या, काढल्या. आडनावाचा उच्चार लोक चुकवत म्हणून त्याने मध्ये आडवी रेघ घातली. रॉक संगीत पुढे वीस वर्षांनी आलं.

ज्यूकबॉक्सला लाकडी पेटी लागते, त्यामुळे त्यांच्याकडे सुतारकामाचा विभाग तयार होता. रॉक-ओलाने बंदुकीचे लाकडी दस्ते स्वतःसाठी तर केलेच, पण इतर कंपन्यांनाही पुरवले. दस्त्यात पट्टा अडकवायची जी खाच असते तिच्यात "आरएमसी" अशी तीन अक्षरं दिसली तर तो दस्ता ज्यूकबॉक्सवाल्यांच्या सुतारशाळेतला.

नाव गमतीचं आणि संख्या कमी, म्हणून आज रॉक-ओलाला मागणी जास्त. बंदूक म्हणून ती इनलँडपेक्षा तसूभरही वेगळी नाही.

सगळ्यात दुर्मीळ कोणती?

अर्विन-पेडरसन. मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स हे फर्निचरचं गाव. तिथले अर्विन हे फर्निचरवाले, आणि त्यांच्यासोबत जॉन पेडरसन, म्हणजे रायफलींच्या जगातलं मोठं नाव. ह्याच पेडरसनची रायफल १९३० च्या दशकात गरँडच्या रायफलीपुढे हरली होती. उत्तम सुतार आणि नामवंत संशोधक एकत्र आले की काम फत्ते, असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. तयार कार्बाइन सैन्याच्या तपासणीत उतरेनात. मार्च १९४३ मध्ये कंत्राट काढून घेतलं आणि कारखाना सॅगिनॉच्या ताब्यात दिला. सॅगिनॉने पडून असलेले सुटे भाग वापरून, दुरुस्त करून त्या पूर्ण केल्या. म्हणून ते नाव कोरलेल्या जेमतेम साडेतीन हजार निघाल्या.

जी कंपनी फसली तिचीच बंदूक आज सर्वांत महाग. संग्राहकांच्या जगात अपयशाला असा भाव येतो.

तुरुंगात असलेल्या कैद्याने ही रायफल शोधली, असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा नॉर्थ कॅरोलायनाचा. १९२१ मध्ये त्याच्या हातभट्टीवर छापा पडला, त्यात एक डेप्युटी शेरीफ मारला गेला आणि विल्यम्सला तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या लोहारशाळेत तो बंदुकांची यंत्रणा जुळवत बसे. तुरुंगाधिकाऱ्याने ते करू दिलं ही खरी आश्चर्याची गोष्ट. १९२९ मध्ये तो सुटला. पुढे विंचेस्टरमध्ये असताना त्याची आखूड झेप घेणाऱ्या गॅस पिस्टनची कल्पना ह्या कार्बाइनमध्ये वापरली गेली. गोळी सुटल्यावर नळीतला थोडा वायू एका छोट्या पिस्टनला फटका देतो, पिस्टन इंचाचा अंशभरच सरकतो, आणि त्या धक्क्याने बोल्ट मागे जाऊन पुढची गोळी भरली जाते. भाग छोटा, वजन कमी.

पण पहिला नमुना जुळवून उभा केला तो विंचेस्टरच्या इतर कारागिरांनी, तोही दोन आठवड्यांच्या आत. विल्यम्स तापट, सगळ्यांशी त्याचं वाजे. १९५२ मध्ये हॉलिवूडने त्याच्यावर चित्रपट काढला आणि सगळं श्रेय एकट्याच्या खिशात गेलं. कारागिरांवर कोण चित्रपट काढणार?

माझ्या कार्बाइनवर नाव एकाचं, नळी दुसऱ्याची, बोल्ट तिसऱ्याचा. मला फसवलं का?

ह्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं आहे.

मीही असाच हबकलो होतो. पहिली कार्बाइन ओहायोतल्या एका बंदुकांच्या बाजारात घेतली. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, नाव नॅशनल पोस्टल मीटर. घरी येऊन उघडली तर नळी अंडरवूडची, बोल्टवर इनलँडचं अक्षर, घोडा आणखी कोणाचा. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी एका जुन्या जाणत्याला फोन केला. तो म्हणाला, "मग बरोबर आहे की."

आता कारण. सैन्याची अट अशी होती की कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही कंपनीच्या कार्बाइनमध्ये न घासता बसला पाहिजे. दहा मुख्य कंत्राटदारांच्या हाताखाली शेकडो छोटे कारखाने होते. एकाकडे बोल्ट कमी पडले, दुसऱ्याकडे नळ्या जास्त झाल्या, तर कंत्राटदारांची एक समन्वय समिती होती, ती इकडचा माल तिकडे पाठवायची. काही कंपन्या नळ्या बनवतच नसत, त्या बाहेरून घेत. भाग कोणाचा हे कळावं म्हणून त्यावर अक्षरं ठोकत: विंचेस्टरचा डब्ल्यू, इनलँडचा आय, अंडरवूडचा यू, रॉक-ओलाचा आर, क्वालिटीचा क्यू, नॅशनल पोस्टल मीटरचा एन, आयबीएमचा बी, स्टँडर्ड प्रॉडक्ट्सचा एस, सॅगिनॉचा एस-जी. हाताखालच्या कारखान्याचं अक्षर आधी, आणि ज्याच्यासाठी भाग बनला त्याचं त्यानंतर. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच कार्बाइन मिसळीसारखी होती: मटकी एका दुकानची, फरसाण दुसऱ्या, पाव तिसऱ्या.

हे झालं जन्माच्या वेळचं. युद्ध संपल्यावर सरकारी शस्त्रागारांत दुरुस्तीची मोठी मोहीम निघाली. तिथे कार्बाइन पूर्ण खोलत, बोल्ट एका पेटीत, घोडे दुसऱ्या पेटीत, सगळं धुऊन-तपासून पुन्हा जुळवत. कोणाचा बोल्ट कोणाला गेला हे कोणी बघत नव्हतं, बघायचं कारणही नव्हतं. आज हातात येणाऱ्या बहुतेक कार्बाइन अशा एकदा तरी खोलून जोडलेल्या आहेत.

"अन-क्वालिटी" असा शिक्का आहे. हा निकृष्ट माल का?

नाही हो! हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. क्वालिटी हार्डवेअरला रिसीव्हर कमी पडले तेव्हा काही रिसीव्हर युनियन स्विच अँड सिग्नल ह्या रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीकडून करून घेतले. ते कोणी केले हे कळावं म्हणून युनियनची पहिली दोन अक्षरं, म्हणजे यू आणि एन, क्वालिटीच्या नावाआधी ठोकली. वाचताना झालं "अन-क्वालिटी". कारखान्यात हे कोणाच्या लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. माल मात्र अव्वल, आणि संग्राहक त्यासाठी जास्तीचे पैसे देतात.

तसंच आयबीएमच्या काही रिसीव्हरवर बारीक "ए-ओ" दिसतं. ते ऑटो-ऑर्डनन्सने, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगनवाल्यांनी, आयबीएमसाठी केलेले.

बनवणाऱ्याचं नाव कुठे शोधायचं? मला तर दिसतच नाही.

रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, नेम धरायच्या मागच्या साइटजवळ. तिथेच अनुक्रमांक. सुरुवातीच्या कार्बाइनवर उलटसुलट करायची छोटी दोन पात्यांची साइट होती, तेव्हा नाव उघड दिसायचं. नंतर सरकवता येणारी मोठी साइट आली आणि ती नेमकी नावावर बसली. शस्त्रागारांनी बहुतेक जुन्या कार्बाइनवर हीच नवी साइट चढवली. टॉर्च तिरका धरून साइटखाली डोकावलं तर अक्षरांचे शेंडे दिसतात. त्यासाठी साइट ठोकून काढू नका. अनुक्रमांकावरूनही कळतं, कारण ऑर्डनन्स विभागाने आकड्यांचे गट वाटून दिले होते: विंचेस्टरची सुरुवात दहा लाखांपासून, अंडरवूडची साडेतेरा लाखांच्या पुढून, नॅशनल पोस्टल मीटरची साडेचौदा लाखांपासून.

नळीवरचं नाव माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीच्या) जरा मागे असतं, आणि बऱ्याच नळ्यांवर महिना आणि वर्षही.

संगीन बसवायची कडी आहे, म्हणजे माझी रॉक-ओला अस्सल लढाईवरची, बरोबर?

उलट. युद्धात आघाडीवर गेलेल्या बहुतांश कार्बाइनना संगिनीची सोय नव्हतीच. ती कडी आली युद्धाच्या अखेरीस, तोवर १९४४ मध्ये बाकी कंपन्यांची कंत्राटं आटोपती घेतली होती. १९४५ पर्यंत चालू राहिले ते इनलँड आणि विंचेस्टर. म्हणून रॉक-ओला किंवा आयबीएमवर ती कडी दिसली तर ती नंतर शस्त्रागारात चढवलेली. पूर्वी तिथे साधी अरुंद पट्टी होती.

सुरक्षा-खटक्याचंही तसंच. आधी तो दाबायचा गोल बटणासारखा होता, आणि त्याच्या शेजारी मॅगझिन सोडायचं बटण. रात्री, घाईत, थंडीने बोटं आखडलेली असताना सैनिक सुरक्षा-खटका समजून दुसरं बटण दाबायचे आणि मॅगझिन पायाशी. नवा खटका फिरवायचा आला. फिरवायचा खटका, मोठी साइट आणि संगिनीची कडी ही तिन्ही एकत्र दिसली की ओळखावं, हिचं "पुनर्जन्माचं" काम झालेलं आहे.

मग जुने भाग गोळा करून ती मूळ रूपात आणू का?

ह्यावर भांडणं होतात, माझं मत सांगून मोकळा होतो: नको.

बाजारात दोन शब्द चालतात, "ओरिजिनल" आणि "करेक्ट". ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली. अशा फार थोड्या. करेक्ट म्हणजे कोणीतरी पुस्तक उघडून, आर लिहिलेले भाग एकेक विकत घेऊन, रॉक-ओलाच्या रिसीव्हरवर चढवलेली. दिसायला सुंदर. पण ती १९४३ ची नाही, परवाच्या रविवारची आहे. आणि ती करण्यासाठी बहुधा दुसऱ्या दोन-तीन कार्बाइन उघड्या पडलेल्या असतात. मी स्वतः एक अशी "सुधारली" आणि पाच वर्षांनी लक्षात आलं, काढून विकलेल्या दस्त्यावर ज्या शस्त्रागाराने तिची दुरुस्ती केली त्याचा शिक्का होता. त्या बंदुकीचा एकमेव लेखी दाखला मी स्वतःच्या हाताने, किरकोळ किमतीला, घालवला.

ज्यांच्याकडे अजून काही केलेलं नाही त्यांनी निदान काढलेले भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावेत.

नकली कशी ओळखायची?

तीन ठिकाणी जास्त फसवणूक होते. पहिलं, पॅराशूट सैनिकांचं एम-१-ए-१ हे घडीच्या दस्त्याचं रूप. ते फक्त इनलँडने बनवलं, सुमारे १ लाख ४० हजार. घडीचे नकली दस्ते मात्र अगणित. विंचेस्टरच्या रिसीव्हरवर घडीचा दस्ता दिसला तर तो शस्त्रागारात बदललेला असू शकतो, पण कारखान्यातून तसा आलेला नसतो.

दुसरं, दस्त्यावरचा एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन तोफांचा ऑर्डनन्सचा शिक्का. हा शिक्का आजही करून मिळतो. खरा शिक्का ऐंशी वर्षांचा असतो. त्याच्या कडा लाकडाबरोबर झिजलेल्या, खोबणीत जुनं तेल आणि मळ बसलेला. शिक्का कोरा करकरीत आणि लाकडावर मात्र खरचटे, असं असेल तर हात आखडता घ्या.

तिसरं, युद्धानंतर नागरिकांसाठी खासगी कंपन्यांनी काढलेल्या कार्बाइन. युनिव्हर्सल, प्लेनफिल्ड, आयव्हर जॉन्सन ही त्यातली नावं. त्या चोरट्या नव्हेत, पण सैन्याच्याही नव्हेत. अलीकडे तर इनलँड आणि ऑटो-ऑर्डनन्स ह्या नावांनी नव्या कोऱ्या कार्बाइनही निघाल्या आहेत. तेव्हा नुसतं नाव बघून पाकीट काढू नका.

आज किंमत किती?

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या रायफल संघटनेच्या सभासदाला सरकारकडून एक कार्बाइन घरपोच २० डॉलरला मिळत होती. आज साध्या, दुरुस्ती झालेल्या इनलँडलाही हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. रॉक-ओलाला त्याहून जास्त, अर्विन-पेडरसनला कैकपट. नक्की आकडा देत नाही, कारण हे वाचेपर्यंत तो शिळा झालेला असेल. संपलेल्या लिलावांचे भाव बघा. विकणाऱ्याने लावलेली किंमत ही त्याची इच्छा असते.

कार्बाइनखेरीज अशा आणखी बंदुका?

पुष्कळ. स्मिथ-कोरोना ह्या टाइपरायटर कंपनीने सिराक्यूजमध्ये १९०३-ए-३ ही दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल केली, सुमारे २ लाख ३४ हजार. आयबीएमने कार्बाइनशिवाय वीसेक हजार ब्राउनिंग स्वयंचलित रायफलीही केल्या. इंग्लंडमध्ये लाइन्स ब्रदर्स ह्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने स्टेन गनचा तिसरा नमुना लाखोंनी काढला. पत्र्याची खेळणी आणि पत्र्याची बंदूक, हत्यारं सारखीच.

पिस्तुलांत सिंगर. हो, आजीच्या शिलाई मशीनवरचंच सोनेरी नाव. १९११-ए-१ ह्या अमेरिकी सैन्याच्या नेहमीच्या जातीची फक्त ५०० पिस्तुलं त्यांनी केली, आणि त्यातलं एक २०१७ मध्ये लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलं. सिंगरचं काम इतकं चोख होतं की सैन्याला वाटलं, ह्यांना पिस्तुलांवर कशाला वाया घालवायचं. त्यांना आणखी नाजूक उपकरणांकडे वळवलं.

आणि रेमिंग्टन रँड. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्यांना रेमिंग्टनचा कळफलक स्वप्नातही दिसतो. त्या कंपनीने ह्याच जातीची साडेआठ लाखांहून जास्त पिस्तुलं बनवली. त्यातला विनोद असा: मूळ रेमिंग्टन हे बंदूकवालेच. १८७३ मध्ये त्यांनी टाइपरायटर बनवायला घेतला, १८८६ मध्ये तो धंदा विकून टाकला. विकलेली लेक सत्तावन्न वर्षांनी पुन्हा बंदुकाच करू लागली.

ती चालवावी का? गोळ्या कुठल्या घ्याव्यात?

जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय नाही. गोळ्यांबाबत एक चांगली गोष्ट आहे: .३० कार्बाइनच्या अमेरिकी सैन्याच्या काडतुसांच्या बुडातला ठिणगी पाडणारा मसाला पहिल्यापासून बंदूक न गंजवणारा होता. ह्यामागे कारण होतं, तो छोटा पिस्टन साफसफाईसाठी सहज बाहेर येत नाही. पण "एलसी ५२" असा अमेरिकी वाटणारा शिक्का असलेली चिनी काडतुसं फिरतात, ती गंजवतात. स्वस्त पेटी दिसली की बूड वाचा.

दस्ता अक्रोडाचा असतो. त्याला पॉलिश पेपर लावाल तर शिक्के जातील आणि अर्धी किंमतही. युद्धकाळात ह्या दस्त्यांना जवसाचं तेल देत. चटणीसाठी आणलेल्या जवसाचं नव्हे, लाकडासाठी मिळतं ते. बोटावर थेंबभर, चोळून, रात्रभर वाळवून. बायकोने वासाबद्दल तक्रार केली तर ती बरोबर आहे.

मी एच-१-बी वर आहे / न्यू जर्सीत राहतो. घेता येईल का?

सांभाळून. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं हा त्यातला एक अपवाद, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीनकार्डवाल्याला केंद्राची आडकाठी नाही, राज्याची असू शकते. न्यू जर्सीच्या बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत "एम-१ कार्बाइन प्रकार" हे शब्द नावानिशी आहेत. तिथल्या एडिसन गावच्या मराठी मंडळींना म्हणूनच मी म्हणतो, शौक पेनसिल्व्हेनियातल्या मित्राच्या घरी करा.

पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा केंद्रीय परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. तसंच, रिसीव्हरवर एम-२ (सलग गोळ्या झाडणारं रूप) कोरलेली कार्बाइन कायद्याने मशीनगन धरतात, आतले भाग कुठलेही असोत. आजोबांच्या माळ्यावर सापडली तरी.

भारतात आणता येईल?

नाही. अर्धस्वयंचलित रायफली आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतात, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. आणखी एक: मुंबईच्या विमानात बसण्याआधी नेमबाजीला नेलेली पिशवी पुरती झटका. कोपऱ्यात राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि "चुकून राहिलं" हे तिथे रोज ऐकू येतं.

महाराष्ट्राशी ह्या बंदुकांचा काही संबंध?

आहे, थोडका पण खरा. ऑक्टोबर १९४३ च्या शेवटी अमेरिकी पायदळाची एक तुकडी, जी पुढे मेरिल्स मरॉडर्स म्हणून ब्रह्मदेशाच्या जंगलात गाजली, मुंबई बंदरात उतरली आणि काही आठवडे नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत राहिली. तिच्या हत्यारांत ह्या कार्बाइनही होत्या. म्हणजे कुठल्यातरी टाइपरायटरच्या नाहीतर ज्यूकबॉक्सच्या कारखान्यातली बंदूक देवळालीच्या धुळीत पुसली गेली असणार.

दुसरा धागा ट्रॅक्टरचा. कोरियाच्या युद्धामुळे गरँड पुन्हा हव्या झाल्या, तेव्हा इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या शेतीयंत्रांच्या कंपनीला कंत्राट मिळालं. इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला १९५३ ते १९५६ मध्ये त्यांनी सुमारे ३ लाख ३७ हजार गरँड केल्या. सुरुवातीला रिसीव्हर जमेनात म्हणून इतरांकडून करून घेतले, आणि कोणाचा रिसीव्हर हे अक्षरांच्या मांडणीवरून ओळखणं हा आता संग्राहकांचा स्वतंत्र खेळ झाला आहे. पुढे १९६३ मध्ये ह्याच कंपनीने महिंद्र आणि व्होल्टास ह्यांच्याबरोबर मिळून भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली, कारखाना कांदिवलीला. बी-२७५ हा त्यांचा ट्रॅक्टर. आमच्या गावी एक होता, आणि लोक त्याला अजूनही नुसतं "इंटरनॅशनल" म्हणतात.